फोर्ट वर्थची तीन वर्षं : कॅमरन नॉरीचं प्रकरण

कनिष्ठ गटात जगात दहावा असणं ही टेनिसमधली मोठी फसवी जागा आहे. घरचे खूश असतात, संघटनेतली माणसं नावाने हाक मारतात, आणि अठरावं सरलं की तोच मुलगा पुरुषांच्या क्रमवारीच्या रांगेत पार मागे जाऊन उभा राहतो. तिथे त्याच्या पुढे तिशीतले, चार मुलखांचं पाणी प्यालेले, एका सामन्याच्या पैशावर पुढच्या गावचं तिकीट काढणारे गडी असतात. ब्रिटिश टेनिसपटू कॅमरन नॉरी २०१३ साली नेमका या वळणावर होता.

तोवरचं त्याचं आयुष्य सांगायचं तर नकाशावर बोट फिरवावं लागतं. जन्म जोहान्सबर्गचा, १९९५ सालचा. वडील ग्लासगोचे, आई कार्डिफची, दोघंही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मुलगा लहान असतानाच कुटुंब न्यूझीलंडला, ऑकलंडला गेलं आणि टेनिस तिथेच रुजलं. पण न्यूझीलंड जगाच्या एका टोकाला. चांगल्या स्पर्धेला जायचं तर दरवेळी अर्धी पृथ्वी ओलांडायची. म्हणून सोळाव्या वर्षी तो एकटाच लंडनला आला, आईवडील मागे ऑकलंडलाच राहिले. तो लोकांच्या घरी राहिला, रोहॅम्प्टनच्या राष्ट्रीय टेनिस केंद्रात सराव करू लागला, आणि २०१३ मध्ये न्यूझीलंडऐवजी ब्रिटनकडून खेळायचं ठरलं. डावखुरा, पायांनी चिवट, बॅकहँड सपाट आणि विचित्र आखूड. सर्व्हिस मात्र कुणाची झोप उडवेल अशी नव्हे.

पुढे काय, हा प्रश्न त्याच्यासमोर होता, आणि उत्तरं मोजकीच होती. रोहॅम्प्टनला राहून व्यावसायिक व्हायचं, किंवा अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती घ्यायची. ब्रिटनमधल्या विद्यापीठात शिकत टेनिस चालू ठेवणं हाही एक मार्ग होता, पण ज्याला जगातल्या पहिल्या शंभरात जायचंय असा मुलगा तेव्हा त्याचा फारसा विचार करत नसे.

२०१३ ची हवा

त्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये टेनिस म्हणजे अँडी मरे. ७७ वर्षांनी ब्रिटिश पुरुषाने विम्बल्डनची एकेरी जिंकली होती. मरेची गोष्ट प्रत्येक टेनिसवेड्या घरात तोंडपाठ होती: पंधराव्या वर्षी डनब्लेन सोडलं, बार्सिलोनाच्या सांचेझ-कसाल अकादमीत गेला, तिथे मातीच्या कोर्टवर घाम गाळला आणि लवकरात लवकर व्यावसायिक झाला. जो खरा आहे तो वाट पाहत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. अशा हवेत अठरा वर्षांच्या मुलाने 'मी टेक्सासला समाजशास्त्र शिकायला चाललो' म्हटलं, की ऐकणाऱ्याला ती टेनिस सोडल्याची सभ्य घोषणाच वाटायची.

माझ्या मते ही समजूत भाबडी होती, कारण मरे हा नियम नव्हे. दुसऱ्या टोकाला बिली हॅरिसचं उदाहरण आहे. आइल ऑफ मॅनचा हा खेळाडू कॉलेजला गेला नाही. वडिलांनी दिलेल्या फोर्ड ट्रान्झिट गाडीत झोपत, स्वयंपाक करत, तो काही वर्षं युरोपभर स्पर्धा खेळत फिरला. हॉटेलचा खर्च वाचवायचा म्हणून. चिकाटीला सलाम, पण तिशीच्या उंबरठ्यापर्यंत त्याला मोठ्या स्पर्धांचं दार उघडलं नाही. तळातल्या फ्यूचर्स स्पर्धांत तेव्हा एकूण बक्षीस १० किंवा १५ हजार डॉलर असायचं, तेही एकेरीचे ३२ खेळाडू आणि दुहेरीच्या जोड्या यांत वाटायचं. त्यातून विमान, खोली, जेवण, रॅकेटच्या तारा. प्रशिक्षक सोबत न्यायचा तर त्याचंही सगळं वर. पहिल्याच फेरीत हरलेला मुलगा मंगळवारी संध्याकाळी एखाद्या अनोळखी गावात पुढचा सोमवार उजाडायची वाट बघत बसतो. टेनिसमधला एकटेपणा म्हणजे कोर्टवर एकटं असणं नव्हे, ही मंगळवारची संध्याकाळ.

नॉरीने सोळा ते अठरा या वयात त्याची चव घेतली होती. आपण अजून त्या जगण्याला तयार नाही, हे त्याने ओळखलं. एवढ्या लहान वयात स्वतःबद्दल असा हिशेब मांडता येणं, हे मला त्याच्या बॅकहँडपेक्षा दुर्मीळ वाटतं.

शिष्यवृत्ती म्हणजे नक्की किती?

इथे जरा थांबायला हवं, कारण 'अमेरिकेत टेनिसवर फुकट शिक्षण' या वाक्याभोवती ब्रिटनमध्ये काय आणि आपल्याकडे काय, फार धुकं आहे.

अमेरिकेतला कॉलेज खेळ एनसीएए ही संस्था चालवते आणि त्यातला सर्वांत वरचा थर म्हणजे डिव्हिजन वन. नॉरी गेला तेव्हा डिव्हिजन वनमधल्या पुरुष टेनिस संघाला एका वेळी साडेचार शिष्यवृत्त्या देता येत. साडेचार खेळाडूंना नव्हे, साडेचारांच्या किमतीइतकी रक्कम. सामन्यात एकेरीला सहा जण लागतात, संघात आठ-दहा असतात. मग प्रशिक्षक भाकरीचे तुकडे करावेत तसे करतो: पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला पूर्ण, दुसऱ्याला सत्तर टक्के, कुणाला तीस, आणि शेवटच्याला नुसती जर्सी. महिला संघांना मात्र आठ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या आठही पूर्ण.

हा फरक का? १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने विद्यापीठांना स्त्री-पुरुष खेळाडूंना समान संधी देणं भाग पाडलं. पण एकट्या अमेरिकन फुटबॉलच्या वरच्या गटातल्या संघाला ८५ पुरुष शिष्यवृत्त्या लागायच्या. त्या ८५ चा तोल कुठेतरी साधायला हवा. तो पुरुषांच्या टेनिस, जलतरण, कुस्तीतून काढला गेला. लीड्सच्या किंवा एडिंबराच्या मुलाला किती टक्के फी माफ होणार, हे अशा रीतीने टेक्सासमधल्या फुटबॉलच्या मैदानावर ठरत होतं.

म्हणून 'शिष्यवृत्ती मिळाली' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न 'किती टक्के' हाच विचारायचा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून विद्यापीठाची फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत गेली होती, त्यामुळे समुद्रापलीकडची शिष्यवृत्ती एकदम गोड दिसू लागली होती. पण टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, म्हणजे टीसीयू, हे खासगी विद्यापीठ. तिथली नुसती फीच त्याच्या दुपटीच्या पुढे, राहणं-जेवण वेगळं. अशा ठिकाणी चाळीस टक्के शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाच्या बापाला उरलेल्या साठ टक्क्यांत घर विकावं लागेल. जगात दहावा असलेल्या नॉरीला हा प्रश्न नव्हता. जगात तीनशेव्या असलेल्या मुलाला तो असतो, आणि अमेरिकेला जाणाऱ्यांत संख्येने तेच जास्त.

पात्रतेची कागदपत्रं हा दुसरा खडक. एनसीएएला शाळेच्या शेवटच्या वर्षांतले १६ मुख्य विषय दाखवावे लागतात. ब्रिटिश मुलाचे जीसीएसई आणि ए-लेव्हल (तिथल्या शाळेच्या सोळाव्या आणि अठराव्या वर्षीच्या परीक्षा) त्या चौकटीत बसवून घ्यायचे. टेनिससाठी चौदाव्या वर्षी शाळेकडे पाठ फिरवली असेल तर अठराव्या वर्षी कितीही चांगला फोरहँड उपयोगाचा नाही. शाळा संपल्यावर स्पर्धा खेळत फार काळ काढला तर कॉलेजच्या खेळाचं एखादं वर्ष कापलं जातं. आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रवेशाआधी वर्षाला खर्चाव्यतिरिक्त १० हजार डॉलरपर्यंतच बक्षीस घेता येई, प्रवेशानंतर फक्त त्या स्पर्धेचा खर्च भागेल तेवढंच. इंग्लंडमधल्या हल शहरातला पॉल जब हा खेळाडू आजीच्या हाताखाली वाढला, साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेला आणि २०१९ मध्ये एनसीएएची एकेरी जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. त्याच वर्षी त्याला विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून थेट प्रवेश, मिळालं. पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही तिथे ४५ हजार पौंड होते. कॉलेजचा खेळाडू म्हणून राहायचं असेल तर त्यातले खर्चापुरतेच घ्यायचे, बाकीच्यावर पाणी सोडायचं. एकविशीच्या आतल्या, गरिबीतून आलेल्या मुलापुढे असं ताट वाढून हात बांधणं मला कधीच पटलं नाही. पुढे २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या रीझ ब्रँटमायरने याच नियमाविरुद्ध कोर्टात धाव घेतली.

जांभळी जर्सी

टीसीयू फोर्ट वर्थमध्ये आहे, डॅलसच्या शेजारी. संघाचं नाव 'हॉर्न्ड फ्रॉग्ज', रंग जांभळा. मुख्य प्रशिक्षक डेव्हिड रोडिटी मूळचा मेक्सिकोचा, स्वतः तिथेच खेळलेला, २०१० पासून संघाची सूत्रं त्याच्याकडे. नॉरी २०१४ मध्ये तिथे दाखल झाला.

कॉलेज टेनिसचा सामना विम्बल्डन पाहून वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा बघताना धक्काच बसतो. दोन विद्यापीठांच्या लढतीला सात गुण. आधी तीन दुहेरी एकाच वेळी, एकेका सेटच्या. त्यातल्या दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सहा एकेरी, तेही शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी, प्रत्येकी एक गुण. चार झाले की लढत जिंकली. ड्यूस, म्हणजे ४०-४०, झाला की दोन गुणांची आघाडी वगैरे काही नाही, पुढचा एकच गुण आणि गेम संपला. पुरुषांत सर्व्हिस जाळीला घासून पडली तरी खेळ चालूच. आणि प्रेक्षक गप्प बसत नाहीत. शेजारच्या कोर्टवरचा तुमचा भिडू ओरडतो, समोरच्या विद्यापीठाची पोरं तुमच्या लागोपाठ दोन सर्व्हिस चुकल्या की टाळ्या पिटतात. गणपतीच्या मिरवणुकीत बुद्धिबळ खेळल्यासारखं वाटावं, असा प्रकार.

या गोंधळात दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे महत्त्वाचा गुण वारंवार खेळावा लागतो. एकाच गुणावर गेम जातो, म्हणजे ब्रेक पॉइंटची सवय रोजची. दुसरं म्हणजे तुमच्या हरण्याला साक्षीदार असतात. फ्यूचर्समध्ये एखादा सामना मनातून सोडून दिला तर कुणाला कळत नाही. इथे स्कोअर ३-३ आहे आणि तुमचाच सामना उरलाय, आठ जण कुंपणाला चिकटून तुमच्याकडे बघताहेत. नॉरीचा पुढचा खेळ पाहिला की वाटतं, त्याची ती न संपणारी, समोरच्याला झिजवणारी वृत्ती याच कुंपणाशी घट्ट झाली असावी. हा माझा तर्क आहे. टेक्सासच्या उन्हालाही थोडं श्रेय द्यायला हवं.

सगळं काही तपश्चर्या नव्हती. एनसीएएच्या नियमाप्रमाणे हंगामात संघाचा सराव आठवड्याला २० तासांपर्यंतच. उरलेला वेळ वर्गात, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचा जातो तसा इतरत्र. दुसऱ्या वर्षी एका रात्रीच्या पार्टीनंतर नॉरी मोपेडवरून पडला, हनुवटी फुटली, टाके पडले आणि खेळायला मुकला. हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे, आणि त्यानंतर आपण खेळाकडे गंभीरपणे बघू लागलो असंही. मला यातला पडण्याचा भाग महत्त्वाचा वाटत नाही, मुलं पडतातच. महत्त्वाचं हे की पडल्यावर त्याच्याभोवती डॉक्टर, प्रशिक्षक, सवंगडी, वर्ग, खोली हे सगळं जागच्या जागी होतं. त्याच वयात एकट्याने दौऱ्यावर असताना हे घडलं असतं तर एका हंगामाचे पैसे, क्रमवारी आणि कदाचित संघटनेची मर्जीही गेली असती. शिष्यवृत्तीच्या पत्रात जे छापलेलं नसतं आणि तरी सर्वांत मोलाचं असतं, ते म्हणजे चूक करून उठायला मिळालेली ही सवड.

तिसऱ्या वर्षी, २०१६-१७ च्या हंगामात, तो अमेरिकेतल्या कॉलेज एकेरीच्या क्रमवारीत पहिला झाला. सुट्ट्यांत व्यावसायिक स्पर्धा खेळून तिकडची क्रमवारीही तो हळूहळू वर आणत होता.

दुसरा निर्णय

लोक नॉरीची गोष्ट सांगताना 'कॉलेजला गेला आणि मोठा झाला' एवढंच सांगतात. मला या प्रकरणात जाण्यापेक्षा निघण्याचा निर्णय जास्त शिकण्यासारखा वाटतो.

कॉलेजचा खेळ चार वर्षांचा. पदवीला एक वर्ष उरलं होतं. क्रमांक एक म्हणून शेवटचं वर्ष राजासारखं खेळता आलं असतं, हातात पदवी आली असती. ऑकलंडला शास्त्रज्ञ आईवडील. कुठल्याही मध्यमवर्गीय घरात 'एवढं केलंस, आता एक वर्ष कर आणि कागद घेऊन ये' हे वाक्य उच्चारलं जातंच. तरी जून २०१७ मध्ये तो व्यावसायिक झाला.

हे बरोबर का होतं? क्रमांक एकच्या खेळाडूला त्या वर्तुळात मागे टाकायला उरतं कोण? पुढचं वर्ष म्हणजे ज्यांना आधीच हरवलंय त्यांना पुन्हा हरवणं. २०१४ मध्ये कॉलेज हे त्याच्या तयारीपेक्षा एक पायरी वर होतं, २०१७ मध्ये ते एक पायरी खाली आलं होतं. तीच जागा, तोच प्रशिक्षक, तीच शिष्यवृत्ती, पण आता ती थांबवत होती. पदवी अर्धवट राहिली याचं वाईट वाटणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की पदवी पुढेही पुरी करता येते, एकविसाव्या वर्षीचे पाय पुन्हा मिळत नाहीत.

निघताना तो एकटाही निघाला नाही. टीसीयूच्या संघातला अर्जेंटिनाचा सवंगडी फाकुंदो लुगोनेस हा त्याचा प्रशिक्षक झाला. नाव झालेला, महागडा प्रशिक्षक नव्हे, कालपर्यंत शेजारच्या कोर्टवर ओरडणारा मित्र. ही जोडी पुढे कित्येक वर्षं टिकली आणि जगातल्या पहिल्या दहांपर्यंत एकत्र गेली. मंगळवारच्या त्या संध्याकाळीवरचा उपाय त्याने फोर्ट वर्थहून सोबत आणला, असंही म्हणता येईल.

पुढचं थोडक्यात. २०१७ मध्येच त्याने अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन, टिब्युरॉन आणि स्टॉकटन इथल्या चॅलेंजर, म्हणजे फ्यूचर्सच्या वरच्या पायरीच्या, स्पर्धा जिंकल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये मार्बेया इथे स्पेनविरुद्ध डेव्हिस करंडक, समोर जगात २३ वा रॉबेर्तो बौतिस्ता अगूट, नॉरी ११४ वा. मातीच्या कोर्टचा अनुभव नावापुरता, दोन सेट मागे. तिथून ४-६, ३-६, ६-३, ६-२, ६-२. ब्रिटन ती लढत हरलं, पण बाकावरचा संघ आणि आरडाओरडा करणारं मैदान हे त्याला नवीन नव्हतंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडियन वेल्स या मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी, निकोलोझ बासिलाश्विलीविरुद्ध ३-६, ६-४, ६-१. टिम हेनमन दोनदा, ग्रेग रुसेडस्की आणि अँडी मरे एकेकदा जिथे अंतिम फेरीत हरले होते, ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला ब्रिटिश. २०२२ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी. रॉजर टेलर, हेनमन, मरे यांच्यानंतर खुल्या युगात (१९६८ पासून) तिथे पोहोचलेला चौथा ब्रिटिश पुरुष. जोकोविचकडून पहिला सेट ६-२ असा घेतला, मग सामना गेला. त्याच सप्टेंबरात जागतिक क्रमवारीत आठवा.

यातून काय निघतं, काय निघत नाही

एवढं वाचून कुणी म्हणेल, चला, सगळ्यांनी टेक्सास गाठावं. जरा दम धरावा. ब्रिटनचीच एमा रादुकानू ए-लेव्हल देऊन काही महिन्यांत न्यूयॉर्कला गेली आणि अठराव्या वर्षी पात्रता फेरीतून थेट अमेरिकन ओपन जिंकून परतली. जॅक ड्रेपरही कॉलेजच्या वाटेला गेला नाही, आणि २०२५ मध्ये त्यानेही इंडियन वेल्स जिंकली. शरीर आणि खेळ दोन्ही अठराव्या वर्षी तयार असलेल्यांना कॉलेज अडकवून ठेवेल. अडचण एवढीच की आपलं मूल त्यातलंच आहे असं प्रत्येक आईबापाला वाटतं.

दुहेरीत मात्र चित्र इतकं एकसारखं आहे की दुर्लक्ष करता येत नाही. जो सॉल्सबरी मेम्फिसमध्ये शिकला, नील स्कुप्स्की लुइझियाना स्टेटमध्ये, हेन्री पॅटन नॉर्थ कॅरोलायनाच्या ॲशव्हिलमध्ये. तिघंही ग्रँडस्लॅम दुहेरीचे विजेते. २०२५ मध्ये ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल यांनी विम्बल्डन जिंकलं. १९३६ नंतर प्रथमच दोघंही ब्रिटिश असलेली जोडी. कॅश ओक्लाहोमा स्टेटचा, ग्लासपूल टेक्सास विद्यापीठाचा. हा योगायोग नव्हे. ज्या व्यवस्थेत प्रत्येक लढत दुहेरीने सुरू होते आणि तो एक गुण सगळ्या संघाचा असतो, तिथे एकेरीतला मधल्या फळीतला खेळाडूही जाळीपाशी तरबेज होतो.

ओक्लाहोमा स्टेटचं नाव पुण्याच्या वाचकांना ओळखीचं वाटेल, आपला अर्जुन कढे तिथलाच. मूळची श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, आणि पुढे रोहन बोपण्णासोबत हांगझोऊच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. डेक्कनच्या किंवा बालेवाडीच्या कोर्टांबाहेर बसलेल्या पालकांचे प्रश्न लंडनच्या पालकांपेक्षा निराळे नाहीत, रुपयात मोजले की फक्त जास्त टोचतात.

दरम्यान पायाखालची जमीनही हलली आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने मंजूर केलेल्या, खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या तडजोडीनंतर साडेचारची मर्यादा गेली. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आता टेनिस संघात दहा खेळाडू ठेवता येतात आणि दहांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. देता येते, द्यावीच असं नाही. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा दिली, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला सिंहाचा वाटा कुणाकडे जाणार हे सांगायला नको. तिजोरी फुटबॉलकडे रिकामी झाली की टेनिसच्या वाट्याला पूर्वीइतकेही येतील का, ही तिथल्या प्रशिक्षकांची आजची काळजी. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाच्या अटींमुळे या नव्या पैशात हात घालणं आणखी कठीण.

आणि तरी टीसीयूकडे ब्रिटिश मुलं येतच राहिली. एडिंबराचा जेकब फर्नली २०१९ मध्ये आला, नॉरी निघून दोन वर्षं झाली होती. त्याच्या पहिल्याच हंगामात कोविड आला, एनसीएएने सगळ्यांना एक वर्ष वाढवून दिलं, आणि नॉरी जिथे तीन वर्षांत निघाला तिथे फर्नली पाच वर्षं राहिला. त्याचा वेग निराळा होता आणि त्यालाही तो कळला होता. मे २०२४ मध्ये टीसीयूने टेक्सास विद्यापीठाला हरवून पहिल्यांदाच एनसीएएचं सांघिक विजेतेपद जिंकलं. त्या संघात फर्नली होता, जॅक पिनिंग्टन जोन्स हा आणखी एक ब्रिटिशही होता. महिनाभरात फर्नलीने, तेव्हा जगात ५२५ वा, नॉटिंगहॅमची चॅलेंजर स्पर्धा जिंकली. लगेच विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत जोकोविचकडून एक सेट घेतला. वर्ष संपताना तो पहिल्या शंभरात होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला त्याने निक किर्गिओसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं.

२०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत दोघं समोरासमोर आले. नॉरी २९ वर्षांचा, फर्नली २३. रोडिटीच्या हाताखाली एकाने तीन वर्षं काढलेली, दुसऱ्याने पाच. नॉरी सरळ तीन सेटमध्ये जिंकला.